एक ब्रास आई

बदलापूर गाव
२ मार्च २०२५

चि. किसन यास,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्याशी बोलणार नाही अशी मी शपथ घेतली होती आणि दोन वर्षं ती पाळली आहे. लिहिणार नाही असं मी कुठेही म्हटलं नव्हतं. पोस्टातल्या मुलीने आंतर्देशीय पत्र शोधायला अख्खं कपाट उपसलं. पत्ता वाचून म्हणाली, "आजी, अंबरनाथ? पुढचंच स्टेशन आहे हो." मी म्हटलं, "माझा भाऊ त्याहून लांब राहतो."

आता कामाचं. आईचं घर तू बिल्डरला सही करून देऊन टाकलंस आणि मला ते कळलं दारात जेसीबी आल्यावर. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण या कागदावर जागा कमी आहे. जोत्याचे जेवढे दगड हाती लागले तेवढे मी उन्हात उभी राहून टेम्पोत भरून घेतले आणि विहाराच्या आवारात आणून टाकले, हे तुला माहीत आहे. दोन वर्षं त्यांच्यावर बकऱ्या बसतात. आईच्या जोत्यावर आता तेवढंच गोत उरलं आहे.

तर विहार कमिटीने ठरवलंय की १२ मेला, बुद्धपौर्णिमेला, आवारात दोन फुटांची मूर्ती बसवायची. खालचा चौथरा आईच्या दगडांचाच व्हायला हवा असा मी हट्ट धरला आणि अध्यक्ष राजरत्न हो म्हणाला. चौथरा लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून सारखा हवा. घन म्हणतात ना, तो. आईने आपल्या दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही, म्हणून तिची खूणही कुठूनही बघितली तरी सारखी दिसावी. सही करताना बहिणीला विसरायची अक्कल तुला तिच्याकडून आलेली नाही, कुठून तरी बाहेरून आली.

माझी अट एकच आहे. आईचा एकही दगड उरता कामा नये आणि बाहेरचा एकही लागता कामा नये. आनंदा गवंडी, तो बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, त्याने सगळे दगड नीट रचून मोजले. बरोब्बर एक ब्रास भरले. आता एक ब्रासचा घन करायचा तर त्याची बाजू किती फूट घ्यायची, एवढंच कळव. मी जन्मभर अंगणवाडीत पोरांना एक ते वीस शिकवलं, पुढचे आकडे तुझे.

पायरी तेवढी मिळाली नाही. रस्ता रुंद करताना आईचा ओटा गेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, मग मरेपर्यंत त्या पायरीवरच बसायची. जेसीबीखाली तिचा भुगा झाला असणार. ते पाप तुझ्या नावावर लिहून ठेवलं आहे.

चौथरा माझ्या अटीप्रमाणे उभा राहिला, तर मी त्या दिवशी तुझ्याशी बोलेन. नाही राहिला, तर पोस्टाचा धंदा चालू राहील.

तुझी ताई,
चांगुणा

---

अंबरनाथ पश्चिम
९ मार्च २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

पत्र पोचलं. एका स्टेशनाचं अंतर त्याने पाच दिवसांत कापलं. तू चालत आली असतीस तर दीड तासात पोचली असतीस आणि मला तोंडावर शिव्या देता आल्या असत्या. पण शपथ म्हणजे शपथ, ती मोडली तर माझा फायदा होईल.

दोन वर्षांनी बहिणीला भावाची आठवण झाली ती आकड्यासाठी, याचं मला वाईट वाटलेलं नाही. निदान योग्य माणसाकडे आलीस. छत्तीस वर्षं कारखान्यात गेज तपासण्यात गेली. मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी मी माल परत पाठवलेला आहे. साहेब म्हणायचे, "किसनने मोजलं म्हणजे देवाने मोजलं." मी सांगायचो की साहेब, आमच्यात देव नसतो, नुसतं किसनने मोजलं म्हणा.

तुझ्या चौथऱ्याची बाजू दहा फूट. घे लिहून. लांबी दहा, रुंदी दहा, उंची दहा. रीत पाठवत नाही, एक ते वीसच्या पलीकडे जावं लागेल.

उन्हाळा वाढलाय, मी गॅलरीत बसून लिहितो आहे. गार बसायला एक जागा केली आहे तिथे. तुझ्या भावजयीने, मायाने, तुला जय भीम सांगितला आहे. तुझ्या शपथेत ती बसते की नाही ते तिला कळवशील.

तुझा,
किसन

---

बदलापूर गाव
१७ मार्च २०२५

चि. किसन यास,
जय भीम.

माया शपथेत बसत नाही. तिच्याशी मी दर शनिवारी फोनवर बोलते, तुला सांगितलं नाही वाटतं तिने? शहाणी आहे.

तुझे दहा फूट वाचले आणि खाली बसले. किसन, आईचं अख्खं घर बारा बाय अठरा होतं. त्याच्या जोत्याचे निम्म्याहून जास्त दगड बिल्डरने भरावात घातले. उरलेल्यातून दहा फूट उंचीचा डोंगर उभा राहणार? दोन फुटांची मूर्ती दहा फुटांवर ठेवली तर खालून फक्त चौथऱ्याला वंदन होईल. फूल वाहायला शिडी लागेल, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत.

राजरत्नला मात्र तुझा आकडा फार आवडला. "ताई, उंच पाहिजे, हायवेवरून दिसलं पाहिजे," म्हणाला. हायवे आपल्या विहारापासून दिसत नाही हे त्याला कुणी सांगायचं.

रागावू नकोस, पण एकदा परत मोजून बघ. आनंदा दोऱ्या घेऊन बसलाय आणि मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. दगड एकदा सिमेंटमध्ये बसले की सुटे होत नाहीत. तुझ्या कारखान्यात माल परत पाठवता यायचा, इथे नाही.

चांगुणा

---

अंबरनाथ पश्चिम
२२ मार्च २०२५

ती. ताई,
जय भीम.

कार्ड पाठवतो आहे, कारण उत्तर लहान आहे.

एक ब्रास म्हणजे शंभर. शंभराचं मूळ दहा. दहा दाहे शंभर, हे तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या मोठ्या भावांना विचार.

तुझ्या डोळ्यांना काय वाटतं यावर माप ठरत नाही. तसं असतं तर सरकारने पट्ट्या छापल्याच नसत्या. विश्वास नव्हता तर विचारलंस कशाला? सही करताना विचारलं नाही म्हणून तू दोन वर्षं रुसलीस. आता विचारून ऐकत नाहीस, तर मी किती वर्षं रुसू ते पण कळव.

दहा. पुन्हा विचारू नकोस.

किसन

---

बदलापूर गाव
२१ एप्रिल २०२५

चि. किसन यास,
जय भीम.

जयंतीच्या गडबडीत महिना गेला, पण काम थांबलं नाही. तुझा घन तयार आहे. लांबी दहा फूट. रुंदी दहा फूट. तू सांगितलंस तसंच, दोरी लावून, काटकोनात, सुतासारखं. तुझ्या साहेबांनी बघितलं असतं तर डोळे भरून आले असते.

उंची एक फूट.

दगड संपले, किसन. एकही उरला नाही आणि एकही बाहेरचा आणला नाही, म्हणजे माझी अट तू अक्षरशः पाळलीस. फक्त तो घन नाही. विहारासमोर एक भली मोठी भाकरी थापून ठेवली आहे. काल राजरत्न आला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "ताई, पाया छान झालाय, आता वरचा चौथरा कधी?" मी म्हटलं, हाच. तर बिचारा चप्पल घालायची विसरून घरी गेला.

आता आनंदाचं ऐक. पहिला थर मांडतानाच तो थांबला होता. म्हणाला, "बाय, ह्यो दहा फुटांचा ठोकळा करायचा त दहा ब्रास दगड लागंल. तुमच्याकडं हाय एक. दहा दाहे शंभर झालं, पन तिसरं दहा कुठं गेलं?" शाळेत चौथीच्या पुढे न गेलेला माणूस, काडीने मातीत आकडे काढून दाखवत होता. मी म्हटलं, आनंदा, माझ्या भावाने हजारावे भाग मोजलेत, तो एवढं मोठं दहा चुकेल का? तू बांध.

तो म्हणाला, "तुमचा भाव लादीवाला हाय काय? लादीचा ब्रास झोपलेला असतो, बाय. दगडाचा उभा."

तुझा शब्द पडू द्यायचा नाही म्हणून मी बांधून घेतलं. कधी येतोस बघायला? मूर्तीचा टेम्पो ९ मेला येणार आहे. तिला या पोळपाटावर ठेवलं की काय होतं ते बकऱ्या दाखवतीलच.

तुझी ताई,
चांगुणा

---

अंबरनाथ पश्चिम
२६ एप्रिल २०२५

ती. ताई,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा, तिसऱ्यांदा कुणाचा ते लिहीत नाही.

आनंदा बरोबर आहे. लादीवाला मी नाही, पण आपला प्रमोद आहे, मायाचा भाऊ. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं सांगायचं तर ब्रास म्हणजे किती हेच मला माहीत नव्हतं. आमच्या गेजमध्ये ब्रास म्हणजे पितळ. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला प्रमोदच्या दुकानात गेलो. तो एका कानाला फोन लावून कुणाला तरी "हां साईं, माल निकल गया साईं" करत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "भावजी, वन ब्रास बोले तो दहा बाय दहा, डोळे बंद करून." लादी, गिलावा, रंग सगळीकडे शंभर चौरस फूट म्हणजे ब्रास. दगड-रेतीचा ब्रास शंभर घनफूट, हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण मग त्याला कळलं असतं की मला येत नाही. म्हणून चहा प्यायलो, त्याच्या नव्या डिझाइनच्या लाद्यांना बऱ्या म्हटलं आणि दहा आकडा घेऊन घरी आलो.

आणि तू! तुला पहिल्या थरालाच कळलं होतं! चार ओळींचं कार्ड टाकलं असतंस, एक फोन मायाला केला असतास, तर काम थांबलं असतं. माझा शब्द पडू नये म्हणून बांधलंस म्हणे. तुला माझा शब्द पडायलाच हवा होता. आईचे दगड पणाला लावून तू मला तोंडावर पाडलंस, आणि वर त्यालाच पोळपाट म्हणतेस.

असो. आता खरा आकडा. कॅल्क्युलेटर हाताशी असूनही कागदावर बसलो, कारण मला शिक्षा हवी होती. अशी बाजू शोधायची की तिला तिनेच दोनदा गुणलं की शंभर यावेत. चार फूट धरले. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट, कमी पडले. पाच धरले. पाचा पाचा पंचवीस, पंचवीस पंचे सव्वाशे, जास्त झाले. साडेचार धरले तर एक्याण्णव आणि वर थोडं. चार फूट सात इंचाला सव्वाशहाण्णव. चार फूट आठ इंचाला एकशे एक आणि वर अर्ध्याहून जास्त. शंभर कुठे सापडेचनात. बाजू सात आणि आठ इंचांच्या मध्ये, पावणेआठच्या जवळ कुठेतरी लटकत राहिली. आईच्या चौथऱ्याला असा फुटका आकडा? ती रांगोळीसुद्धा मोजून काढायची.

ताई, आता जे लिहितो आहे ते उभं राहून वाचू नकोस.

पायरी जेसीबीखाली गेली नाही. माझ्याकडे आहे.

घर पाडायच्या आदल्या दिवशी मी चार हमाल आणि टेम्पो घेऊन आलो होतो. तू तेव्हा कल्याणला दवाखान्यात गेली होतीस. ती पायरी तीन जिने चढवली. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी उन्मेष दर महिन्याला नोटीस लावतो की गॅलरीत जड सामान ठेवू नये, आणि मी दर महिन्याला ती वाचून खाली सही करतो. मी तिच्यावरच बसून तुला पत्रं लिहितो आहे. आत्ताही. भुगा झाला असं तू लिहिलंस तेव्हा तिच्यावर बसलो होतो आणि तरी गप्प बसलो. सांगितलं असतं तर तू मागितली असतीस, आणि मला आईचं तेवढंच उरलं आहे.

घराचंही तसंच. मागची भिंत फुगली होती, पुढच्या पावसाळ्यात ती कुणाच्या तरी अंगावर आली असती. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं. दोन वर्षं हे वाक्य लिहायचं होतं, पण त्यासाठी आधी दहा फूट चुकावं लागलं.

आता शेवटचा आकडा बघ. पायरी तीन फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड, म्हणजे दीड घनफूट. तुझ्याकडचे शंभर आणि माझ्याकडचं दीड. एकशे एक आणि अर्धा. आणि चार फूट आठ इंचांचा घन भरतो एकशे एक आणि अर्ध्याहून जरासा जास्त. अर्ध्या घमेल्याचाही फरक नाही, तो सांध्यांतल्या मालात जातो. मी लपवलेला दगड त्यात धरला असता तर बाजू पूर्ण आली असती, ताई. आकडा फुटका नव्हता, भाऊ होता.

आता उपयोग नाही. तू बांधून बसलीस.

किसन

---

बदलापूर गाव
३ मे २०२५

किसन,

जय भीम. चि. वगैरे लिहायला आज हात धजत नाही.

पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशीच बोलले नाही. घरच्यांना वाटलं शपथ वाढवली. दोन वर्षं मी त्या पायरीसाठी रडले आणि तू तिच्यावर बसून मला दहा दाहे शंभर शिकवत होतास! आईच्या पायरीवर बसून! आणि माया तिच्यावर पापड वाळवत असणार, खोटं सांगू नकोस, मागच्या महिन्यात तिने पाठवलेल्या पापडांना एका बाजूने खडबडीत ठसे होते. दर शनिवारी फोन करते आणि एक अक्षर बोलली नाही. शहाणी आहे असं मी लिहिलं होतं, ते परत घेते.

आता माझं ऐक. तू खरं लिहिलंस तर मीही लिहिते. हो, मला तुला तोंडावर पाडायचंच होतं. आनंदाने काडीने आकडे काढले तेव्हा मला आनंद झाला. वाटलं, बांधूया, हा येईल, चार लोकांसमोर मान खाली घालेल. दुसरा थर होईपर्यंत मजा वाटली. शेवटचा दगड बसला, आनंदाने थापी धुतली, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आईचे सगळे दगड मी तुझ्या फजितीत घालवले होते. सुटे करायचे तर आनंदा म्हणतो निम्मे फुटतील. ते पाप तुझ्या नावावर लिहिता आलं नाही, बरीच जागा शोधली.

मूर्तीचं ठरलं. ती विहारातच बसणार, आत, छताखाली, खिडकीजवळ. राजरत्नला सांगितलं की बुद्धाला हायवेवरून दिसायची घाई नाही. तो जरा हिरमुसला, मग भाषण मोठं करायचं ठरवून सावरला.

आणि भाकरीचं सांगते. परवा पाच वाजता दवाखान्यातून येत होते. विहाराच्या आवारात आवाज ऐकू आला म्हणून वळले. तुझ्या दहा बाय दहावर पंधरा-वीस बायका बसलेल्या. कुणी लसूण सोलत होती, शेजारची रुचिका आपल्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं पसरून बसली होती, दोन म्हातारे एकाच वर्तमानपत्रावर भांडत होते. बकऱ्यांना कोपरा दिला होता. मला हाक मारली, "ताई, या की ओट्यावर."

ओटा म्हणाल्या त्या. मी कुणाला हा शब्द सांगितलेला नव्हता.

किसन, आपण ओट्यावरच वाढलो रे. तिथेच तू पाढे पाठ केलेस, तिथेच मी तुझ्या पाठीत धपाटे घातले. रस्त्याने ओटा खाल्ला तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही, आणि मग उरलेल्या पायरीवर सरकून बसायला लागली. तिला उंच चौथरा कधीच नको होता. तिला बसायला आणि बसवायला जागा हवी होती. तू आकडा चुकवलास, मी जाणूनबुजून चुकीचा बांधला, आणि आपल्या दोघांच्या वाईटपणातून तिला तिचा ओटा मिळाला. यात आपलं काहीच कर्तृत्व नाही हे मात्र ध्यानात ठेव. नाहीतर उद्या सांगत फिरशील की मी मुद्दामच दहा सांगितलं होतं.

मी मात्र चढू शकले नाही. एक फूट माझ्या गुडघ्यांना जमत नाही. सगळ्या वर बसल्या आणि मी खाली उभी राहिले. दोघींनी हात दिला, पण आईच्या ओट्यावर मी ओढून घेतलेल्या गोणीसारखी चढणार नाही.

पायरी अर्धा फूट जाड आहे ना? आनंदाला विचारलं, तो म्हणाला एका फुटाला अर्ध्या फुटाची पायरी बरोब्बर.

घेऊन ये. पौर्णिमेला सकाळी. मी बोलेन असं समजू नकोस. अट घनाची होती आणि घन झालेला नाही.

चांगुणा

---

अंबरनाथ पश्चिम
१४ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

पौर्णिमेनंतर सरळ फोन करणार होतो, पण आपली पोस्टाची सवय मोडायला मन होईना. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडी सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस, आणि आता तुला तेही जमायला लागलंय.

पायरी उतरवताना उन्मेष स्वतः जिन्यात उभा होता. गॅलरी रिकामी झाल्याची नोटीस त्याने अजून लावलेली नाही, पण लावेल. तीन जिने उतरवताना हमालांबरोबर मला आणि प्रमोदलाही घाम फुटला. प्रमोदने वाटेत विचारलं, "भावजी, ही किती ब्रास असेल?" मी म्हटलं, "तू ब्रास हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही."

बाकी तुझ्यासमोरच झालं. राजरत्नचं भाषण चाललं होतं तेव्हा मी आणि आनंदा ओट्याच्या पायाशी मातीत बसलो होतो. छत्तीस वर्षांच्या सगळ्या अनुभवानिशी मी ती पायरी बसवली. खाली माल, वर पाणसळ, लांबीला ठेवून बघितली, रुंदीला ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध, केसभरही इकडेतिकडे नाही. आनंदा म्हणाला, "मामा, एवढी सरळ त माझ्या बापानं पन कधी लावली नाय."

मग तू आलीस. काठी टेकून उभी राहिलीस. पायरीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. दोन वर्षं दोन महिने मी ज्या आवाजाची वाट बघितली तो आवाज आला आणि म्हणाला,

"वाकडी बसलीय."

आणि तू पाय ठेवून वर चढलीस, आणि बायकांत जाऊन बसलीस, आणि मला चहा विचारलास.

ताई, ती वाकडी नव्हती. हे मी तुला लेखी देतो. आनंदा साक्षीदार आहे, पाणसळ साक्षीदार आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी ज्याने माल परत पाठवला त्याला वाकडं म्हणजे काय हे कळतं. पण तुम्ही सगळ्या जेवायला आत गेलात तेव्हा माल अजून ओला होता. मी मागे राहिलो आणि डावी बाजू पहारीने उचलून खाली दगडाची एक चीप सारून दिली.

आता ती वाकडी आहे. तुझं खरं आहे.

तुझा,
किसन

---

बदलापूर गाव
१९ मे २०२५

चि. किसन यास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

कार्डच पुरेल.

पायरी सरळ होती. मला दिसत होती, गुडघे गेलेत, डोळे नाहीत. दोन वर्षांनी तोंड उघडायचं तर आधी काय बोलायचं हे मी महिनाभर ठरवत होते. चांगलं चांगलं ठरवलं होतं. तू आईच्या पायरीजवळ मातीत बसलेला दिसलास, केस सगळे पांढरे, आणि ठरवलेलं सगळं विसरले. जे सुचलं ते बोलले.

ती चीप मला काल पायाला लागली. डावीकडे पायरी हलते आणि रुचिका त्यावरून पडता पडता वाचली. रविवारी ये आणि काढ.

येताना मायाला आण. आणि पापड.

तुझी ताई,
चांगुणा